‘साभार परत’ : नवोदितांच्या कथेतील काही भाषिक दोष

मराठी नियतकालिकांच्या व्यवहारात ‘साभार परत’ इतका लहान आणि इतका परिणामकारक शब्दप्रयोग दुसरा क्वचितच सापडेल. त्यातील पहिले पद आभार मानते आणि दुसरे दार लावून घेते. कथा का परत आली, हे सांगण्याची जबाबदारी मात्र दोहोंपैकी एकही पद घेत नाही. परिणामी, ज्याच्या हाती तो लखोटा पडतो त्याला कारणांचा तर्क स्वतःच करावा लागतो. आणि हा तर्क बहुधा चुकतो. कोणाला वाटते, आपले शुद्धलेखन नडले. कोणाला वाटते, संपादकांशी ओळख नव्हती म्हणून असे झाले. मराठवाड्यातील लेखकांच्या मनात याहून एक निराळी शंका दीर्घकाळ घर करून राहिलेली आहे : आपली भाषाच ‘तिकडे’ कळत नाही, किंवा कळूनही चालत नाही. ही शंका सर्वस्वी निराधार नाही. तथापि प्रत्येक परत आलेल्या कथेला तिचा आधार देणेही युक्त नव्हे. भाषेचा दोष कोणता आणि भाषेचे वेगळेपण कोणते, हा विवेक लेखकाने करावयाचा असतो तसाच तो संपादकानेही करावयाचा असतो. आणि दोघांपैकी कोणीही तो टाळला, तर नुकसान कथेचे होते. या विवेकाला भाषाविज्ञानाचे काही साहाय्य होऊ शकते काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. पुढे दिलेली नमुन्याची वाक्ये स्पष्टीकरणापुरती रचलेली आहेत. कोणाच्याही हस्तलिखितातून ती उचललेली नाहीत.

शुद्धलेखनाचा प्रश्न प्रथम बाजूला सारता येतो. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वारांचे ओझे मराठी लेखणीवरून कायमचे उतरले. त्यानंतर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका उरल्या त्या मुद्रितशोधकाच्या लाल शाईने निस्तरण्याजोग्या आहेत. ‘आणी’ लिहिले म्हणून चांगली कथा परत गेली, असे सहसा घडत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची अदलाबदल अर्थाची अदलाबदल करते हे खरे. परंतु तेही एका फटकाऱ्यात सुधारते. अशुद्ध हस्तलिखित संपादकाला एकच गोष्ट सांगते : लेखकाने आपली कथा दुसऱ्यांदा वाचलेली नाही. ही गोष्ट कथेच्या बाजूने बोलत नाही, एवढेच. जे दोष मुद्रितशोधकाला काढता येत नाहीत, ते याहून खोल असतात, आणि त्यांचे मूळ अनेकदा क्रियापदात असते.

नवोदितांच्या कथेचा आरंभ पाहावा. ‘संध्याकाळ झाली होती. सूर्य मावळला होता. पाखरे घरट्यांकडे परतली होती. आकाशात लाली पसरली होती. रामराव ओसरीवर बसले होते. त्यांच्या मनात विचारांचे काहूर माजले होते.’ अशा आरंभाला संपादक ‘पाल्हाळ’ म्हणतात आणि लेखकाला वर्णन कमी करण्याचा सल्ला मिळतो. लेखक चारांपैकी दोन वाक्ये कापतो. कथा तरीही जागची हलत नाही, कारण दोष वर्णनाच्या लांबीत नसून ‘होता-होती-होते’च्या ओळीत आहे. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली क्रियापदाच्या काळाचे जे विश्लेषण मांडले, त्यात घटना घडल्याचा क्षण आणि बोलण्याचा क्षण यांच्या जोडीला त्याने तिसरा एक क्षण मानला आहे : ज्या ठिकाणी उभे राहून घटनेकडे पाहिले जाते तो संदर्भक्षण. पूर्ण भूतकाळाचे सारे सामर्थ्य या तिसऱ्या क्षणावर अवलंबून असते. ‘सूर्य मावळला होता’ असे म्हणताच ऐकणारा विचारतो, ‘कधी? काय घडले तेव्हा?’ त्या प्रश्नाचे उत्तर ‘तेवढ्यात फाटकाची कडी वाजली’ अशा साध्या भूतकाळाने मिळाले, की मागचे ‘होता’ सार्थ ठरते. उत्तर मिळण्याऐवजी आणखी एक ‘होता’ आला, आणि त्यामागून आणखी एक आला, म्हणजे वाचक उंबऱ्याबाहेर ताटकळत राहतो. पाल्हाळाची जी भावना होते, ती या ताटकळण्याची असते.

यात मराठीची एक स्वतःची गुंतागुंत आहे आणि ती ध्यानात घेतली पाहिजे. ‘बसले होते’, ‘उभी होती’, ‘झोपला होता’ यांत क्रियेपेक्षा अवस्था अधिक आहे. ‘रामराव ओसरीवर बसले होते’ हे वाक्य एखाद्या चित्रासारखे स्थिर आहे आणि त्याला पुढच्या घटनेची तितकीशी निकड नाही. ‘मावळला होता’, ‘परतली होती’ यांत मात्र एक क्रिया संपलेली आहे. दोन्ही रूपे बाहेरून सारखी दिसत असल्यामुळे लेखकाला आपण चित्र काढतो आहोत की इतिहास सांगतो आहोत, हे कळेनासे होते. निष्णात कथाकार ही रूपे अशी मिसळतो की वाचक नकळत चित्रातून घटनेत उतरतो. नवशिक्याच्या हातून दोन्ही एकाच मातीत कालवली जातात.

याच जातीचा दुसरा दोष रीतिभूतकाळाचा. ‘तो पहाटे उठे, विहिरीवर जाई, गुरांना वैरण टाकी’ हे रूप लेखी निवेदनाचे आहे. आजच्या बोलण्यात त्याची जागा बहुतांशी ‘उठायचा’, ‘जायचा’, ‘टाकायचा’ यांनी घेतली आहे. त्रयस्थ निवेदकाच्या मुखी ‘उठे’ शोभते. परंतु कथा एखाद्या सालगड्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली असावी आणि त्यात मध्येच ‘माझा बाप पहाटे उठे’ असे यावे, हा घोटाळा कानाला तत्काळ जाणवतो. त्या एका प्रत्ययाबरोबर सालगडी नाहीसा होतो आणि त्याच्या जागी शाळेतील वाचनपाठ घोकलेला एक लेखक येऊन बसतो. संपादक हस्तलिखिताच्या समासात ‘कृत्रिम’ असे लिहितात ते बहुधा अशाच जागी. शब्द बरोबर आहे. परंतु त्यामुळे लेखकाला रोगाचे नाव कळते, ठिकाण कळत नाही.

म्हणजे हा दोष काळाचा दिसला तरी वस्तुतः तो निवेदनाच्या जागेचा आहे. कथा कोण सांगतो, तो कोठे उभा आहे, त्याला काय दिसू शकते आणि काय दिसू शकत नाही, हे ठरल्यावाचून क्रियापदाचे रूप ठरत नाही, विशेषण ठरत नाही, सर्वनामही ठरत नाही. या दृष्टीने मराठी कादंबरीच्या इतिहासात १९७१ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या एका वर्षात आनंद यादव यांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि दोहोंतही संवादच नव्हे, तर संपूर्ण निवेदन बोलीत आले. पहिलीत कागल-कोल्हापूरकडच्या, दुसरीत मराठवाड्याच्या. त्यापूर्वी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ने (१९४९) आणि उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) निवेदन प्रमाण मराठीत ठेवून पात्रांना त्यांची त्यांची बोली दिली होती. या दोन पद्धतींत श्रेष्ठकनिष्ठभाव मानण्याचे कारण नाही. पहिलीत निवेदक घरातला असतो. दुसरीत तो उंबऱ्यावर उभा राहून आत पाहतो. मात्र दोन्ही पद्धती एकाच परिच्छेदात वापरता येत नाहीत. प्रमाण मराठीत चाललेल्या निवेदनात अकस्मात ‘लई’ किंवा ‘न्हाई’ यावे आणि पुढच्याच ओळीत ‘अंतर्मुख’, ‘हेलावून’ असे शब्द यावेत, ही लकब अनेक हस्तलिखितांना ‘परत’च्या गठ्ठ्यात नेऊन टाकते, आणि या बाबतीत संपादकाला दोष देता येत नाही.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. निवेदकाची जागा सांभाळण्याचा धडा मराठी गद्याला परक्या समीक्षेकडून घ्यावा लागला, असा एक समज आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते ज्यांनी ज्यांनी श्रीचक्रधरांना प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडून एकेक लीळा गोळा करून. आणि पुढील परंपरेने पाठभेदांनाही आपल्या पोथ्यांत जागा दिली. अमुक गोष्ट कोणी पाहिली, कोणी केवळ ऐकली, हा भेद या गद्याला त्याच्या आरंभापासून ठाऊक आहे. त्यातील कित्येक लीळा याच गोदाकाठी, पैठणच्या परिसरात घडलेल्या आहेत. आजच्या मराठीतील ‘म्हणे’ हा छोटासा निपात तेच काम करतो. ‘पाटील रात्री पळून गेला’ आणि ‘पाटील रात्री पळून गेला म्हणे’ या दोन वाक्यांतील अंतर म्हणजे साक्षीदार आणि गाव यांतील अंतर होय. कथालेखक हा निपात विसरतात, आणि मग एखादे आठ वर्षांचे पोर सावकाराच्या दप्तरातील व्यवहार असा सांगू लागते, की जणू ते त्याच्या मांडीवर बसून पाहत होते.

संवादाकडे वळल्यावर प्रश्न अधिक नाजूक होतो. ग्रामीण कथेतील संवाद ही नवोदिताची हौस असते आणि तेथेच तो सर्वाधिक फसतो. कारण असे, की मराठवाड्यातील पुष्कळ लेखकांनी ग्रामीण बोली आपल्या गावातून न उचलता छापील कथांतून आणि तमाशापटांतून उचलली आहे. कोल्हापूर, सातारा आणि माणदेश यांच्या बोलींचा मिळून एक छापील अर्क तयार झाला. ‘व्हय जी’, ‘लई झ्याक’, ‘काय पाव्हणं’ ही त्याची ठरीव चलनी नाणी. तीच नाणी पैठणच्या किंवा गंगाखेडच्या शेतकऱ्याच्या तोंडात टाकली जातात. वस्तुतः खुद्द मराठवाडा एका बोलीचा नाही. ‘काय करतो आहेस’ या अर्थी परभणी-बीडकडे ‘काय करायलास’ ऐकू येते, तर नांदेड-लातूरच्या बाजूला ‘काय करूलालास’ अशा धाटणीची रूपे भेटतात. ‘माझे-तुझे’ यांऐवजी गोदाकाठच्या पट्ट्यात ‘मपलं-तुपलं’ आहे. ‘पाणी’चे ‘पानी’ होणे विदर्भाशी नाते सांगते. शेकडो कथांत या रूपांचा मागमूस नसतो, आणि गाव मात्र नावानिशी मराठवाड्यातले असते.

आता या स्थितीत संपादकाकडून काय घडते ते पाहावे. ज्या कथेत छापील ग्रामीण बोली आहे, ती त्याच्या कानाला परिचित असल्यामुळे ‘अस्सल’ वाटते. ज्या कथेत खरोखरच ‘करूलालास’ आहे, ती त्याला मुद्रणदोषांनी भरलेली वाटते. म्हणजे दोषाला प्रशस्ती आणि अस्सलपणाला ‘साभार परत’, असा उलटा न्याय होण्याचा संभव येथे सर्वांत अधिक. मराठवाड्यातील लेखकांची जी शंका आरंभी सांगितली, तिला जो काही आधार आहे तो इतकाच आहे, परंतु तो लहान नाही. बोराडे यांची ‘पेरणी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली, तोवर या भागाच्या बोलीला छापील कथेत स्वतःचा असा ठसा जवळजवळ नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, वरच्या शिक्षणाचे आणि दप्तराचे माध्यम उर्दू होते, आणि लिहिता वर्ग मराठीत उशिरा स्थिरावला. ज्या बोलीला छापील पूर्वज नसतात, तिचे प्रत्येक रूप संपादकाला चूक वाटण्याचा धोका असतो.

या इतिहासाची दुसरी बाजू लेखकांनीही नजरेआड करू नये. निजामी अमलातील मराठवाड्यावर आज लिहिणारे अनेक जण त्या काळाच्या शब्दांबाबत कमालीचे बेफिकीर असतात. १९४० सालच्या गावात ‘तलाठी’ येऊन सातबारा दाखवतो. त्या काळी तेथे पटवारी होता, माली पाटील होता, वर गिरदावर होता. कर्जफेडीच्या प्रसंगात नुसते ‘शंभर रुपये’ मोजले जातात. ते हाली शिक्क्याचे की कलदार, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याही सावकाराने आणि कोणत्याही कुळाने पहिल्याप्रथम विचारला असता, कारण कलदाराचा भाव हालीपेक्षा अधिक होता आणि त्या फरकात कुळाचे बी-बियाणे बुडू शकत होते. एवढा तपशील कथेला केवळ रंग देत नाही. तो कधी कधी आयते कथानक देतो. शब्द ठाऊक नसल्यामुळे प्रसंगच हातचा जावा, याहून मोठे नुकसान कोणते? अशा कथा परत करणारा संपादक भाषेच्या नावाने नाही, तर अविश्वासार्हतेच्या नावाने परत करतो. मूळ मात्र भाषेतच असते.

संबोधनाच्या चुका वाचकाला सर्वांआधी खटकतात आणि लेखकाला सर्वांत शेवटी दिसतात. एकाच संवादात सून सासऱ्याला आधी ‘तुम्ही’ आणि मग ‘आपण’ म्हणते. शेतकऱ्याची बायको नवऱ्याला नावाने हाक मारते आणि कथेत त्या बंडखोरीची दखल कोणीच घेत नाही. गावाकडची पोर आईला ‘माय’ म्हणण्याऐवजी ‘आईसाहेब’ म्हणते. मराठवाड्यातील कुणब्याच्या घरात पश्चिम महाराष्ट्रातील ‘वन्सं’ वावरते. नाते आणि मान यांचे सारे व्याकरण मराठीत सर्वनामांत आणि संबोधनांत साठवलेले आहे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर उतरणे ही मराठी कथेत एक स्वतंत्र घटना असते, एखादे भांडण, एखादी जवळीक, एखादा अपमान त्या एका पायरीत मावतो. लेखकाने ती पायरी निष्काळजीपणे दहा वेळा चढउतर केली, की अकराव्या वेळी, जेव्हा तिला खरोखर अर्थ असतो, तेव्हा वाचक तिकडे पाहतही नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचेही असेच आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, इंग्रजीतही नाही. ‘आम्ही उद्या गाव सोडू’ असे नवरा बायकोला म्हणाला, तर मराठी कानाला कळते की तो तिला मागे ठेवून जाणार आहे. हे जाणून लिहिले तर एका शब्दात कथा उभी राहते. न जाणता लिहिले तर वाचक दोन पाने चुकीच्या वाटेने चालतो.

इंग्रजीच्या वळणाचा प्रश्न नवा नाही, पण अलीकडे तो वाक्याच्या आत शिरला आहे. ‘त्याने त्याचा हात त्याच्या खिशात घातला’ या वाक्यात तीन पुरुषांचा भास होतो. मराठीला ‘त्याने खिशात हात घातला’ एवढे पुरते, आणि जेथे मालकी सांगणे अवश्य तेथे ‘आपला’ आहे. प्रत्येक नामापूर्वी ‘एक’ लावण्याची सवय अशीच. ‘एका खोलीत एका खुर्चीवर एक म्हातारा बसला होता’ यातील पहिले दोन ‘एक’ निरर्थक. तिसरा मात्र सार्थ आहे, कारण तो म्हातारा कथेत नव्याने येतो आहे. ‘एक’ हा शब्द मराठीत पाहुण्याची ओळख करून देतो. खुर्चीची ओळख करून देण्याचे कारण नाही, जोवर ती पुढे मोडणार नाही.

ठरीव शब्दसंहतींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. काळजात चर्र होणे, डोळ्यांच्या कडा पाणावणे, मनात काहूर माजणे, आवंढा गिळणे या सर्वांवर सर्व पिढ्यांतील संपादकांनी लाल रेघ ओढलेली आहे आणि त्या सर्वांनी सर्व पिढ्यांना पुरून उरण्याचा निश्चय केलेला दिसतो.

शेवटाच्या कलाटणीविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण तेथे लेखकाचा दोष हा पूर्वीच्या उपदेशाचे अपत्य आहे. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि कथेला आरंभ, गुंतागुंत, उत्कंठा, परमोच्च बिंदू आणि उकल असे तंत्र असते, ही गोष्ट मराठी लेखकांच्या एका संपूर्ण पिढीने पाठ केली. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि माडगूळकर यांच्या नवकथेने हा सांगाडा मोडला. तरीही नियतकालिकांच्या टपालात तो अजून जिवंत आहे : बोलणारा शेवटच्या ओळीत मृत निघतो, भेटलेली अनोळखी स्त्री हरवलेली बहीण ठरते, सारे स्वप्न होते असे कळते. काल जे नियम म्हणून शिकवले गेले, तेच आज दोष म्हणून परत येतात. यावरून कलाटणी त्याज्य ठरते असे मात्र नाही. लपवलेली माहिती शेवटी उघड करणे ही एक गोष्ट आणि उघड असलेल्या माहितीतून अटळ कृती निघणे ही दुसरी. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत भाव कोसळलेले टोमॅटो बाजारातच तुडवले जातात. तेथे वाचकापासून काहीही लपवलेले नाही. माल, भाव आणि घासाघीस सारे डोळ्यांसमोर असते, आणि तरीही तो शेवट धक्का देतो. भाषेच्या अंगाने पाहिले, तर लपवाछपवीच्या कथेत निवेदकाला सर्वनामांशी आणि नावांशी सतत खोटे बोलावे लागते. ‘तो’ म्हणजे कोण हे टाळण्यासाठी वाक्ये वाकवावी लागतात, कर्ते गाळावे लागतात, कर्मणी प्रयोगाचा आश्रय घ्यावा लागतो. संपादकाला शेवट वाचण्यापूर्वीच संशय येतो तो या वाकलेल्या वाक्यांमुळे.

इतका वेळ बाजू मुख्यतः संपादकाची झाली. पण निवाडा करणाराचीही तपासणी झाली पाहिजे. मराठीत ‘सत्यकथे’इतका संपादकीय निवडीचा दरारा दुसऱ्या मासिकाने क्वचितच निर्माण केला. १९३३ साली सुरू झालेले आणि १९८२ साली बंद पडलेले हे मासिक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात कथेच्या प्रत्येक शब्दावर लेखकाशी चर्चा करण्याबद्दल ख्यात होते. लेखकाला दीर्घ पत्रे लिहायची, पुनर्लेखन मागायचे, पुन्हा वाचायचे, ही त्यांची रीत. त्या पत्रांनी कित्येक कथा उभ्या राहिल्या, हे मान्य केलेच पाहिजे. जो संपादक कारण सांगतो तो चुकला तरी त्याच्याशी भांडता येते. परंतु याच मासिकाच्या अंकाची होळी १९६९ साली मुंबईत लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी केली, तीही विसरता येत नाही. त्या कृतीचे समर्थन कोणी करो वा न करो, तिच्यामागे एक भाषिक तक्रार होती : एकाच अभिरुचीच्या चाळणीतून जाताना अनेक बोली, अनेक जगणी आणि अनेक राग गाळले जातात.

या तक्रारीचे सर्वांत भरीव उत्तर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिले गेले. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून १९६० नंतरच्या दशकात ‘अस्मितादर्श’ उभे राहिले आणि २०१८ साली मृत्यू येईपर्यंत गंगाधर पानतावणे यांनी ते चालवले. बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने (१९६३) दलित कथेच्या भाषेचा प्रश्न आधीच उभा केला होता. ज्या शब्दांना तोवर ‘शिवराळ’ म्हणून काट मारली जाई, ते शब्द त्या जगण्याचे व्याकरण आहेत, हे समजण्यासाठी निराळ्या संपादकाची गरज होती. तसेच अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ दैनिकाचा दिवाळी अंक आणि मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ यांनी या भागातील लेखकाला पहिले घर दिले. मात्र घरचा संपादकही दोषमुक्त नसतो. परका संपादक बोलीला चूक समजतो, तर घरचा संपादक कधी कधी चुकीला बोली समजतो. ‘आपल्या भागाची भाषा आहे’ एवढ्या आधारावर निवेदनाचे सर्व गोंधळ छापले गेले, तर त्या लेखकाची दुसरी कथा पहिलीहून बरी होण्याचा मार्गच बंद होतो. हे दुसरे अपकृत्य पहिल्याइतकेच घातक आहे, आणि प्रेमातून घडत असल्यामुळे ते उशिरा ध्यानात येते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा वाटा एका ऋतूत तोलला जातो. पावसाळा संपता संपता संपादकांच्या मेजावर गठ्ठे येतात. आता गठ्ठ्यांऐवजी ई-मेलला जोडलेल्या फायली येतात. टपालाचे तिकीट लावलेला लखोटा गेला आणि त्याबरोबर ‘साभार परत’ही जवळजवळ गेले. आज नापसंत कथेला उत्तरच येत नाही. पूर्वी दोन शब्द तरी मिळत. आता लेखकाला अंक हाती घेऊन अनुक्रमणिकेत आपले नाव शोधावे लागते.

कारण सांगण्याची रीत नाहीशी झाली म्हणजे काय हरवते, हे एका रचलेल्या उदाहरणाने दाखवता येईल. शेवगाव-पैठण पट्ट्यातील एक मुलगी शहरात आत्याच्या घरी शिकायला राहते. पहिल्या पानावर ती ‘मपलं दप्तर’ म्हणते आणि आत्याची मुले हसतात. पुढे ती ‘माझं’ म्हणायला शिकते. आठ पाने ती ‘माझं’च म्हणते. शेवटी बापाचे शेत विकले जात असल्याची बातमी येते, तेव्हा ती भर घरात ओरडते, ‘मपलं हाय ते!’ कथेतील बाकी सारे सामान्य आहे. वर्णन लांबले आहे, आत्या कृत्रिम बोलते, ‘होता’ जागोजाग पडले आहेत. हे सर्व दोष लेखकाला ओळीओळीने दाखवले, तर तो ते काढू शकेल. पण घाईच्या दिवसांत संपादकाने कथा एकदाच चाळली, तर त्याला दिसते ते एवढेच, की पात्राची भाषा सुसंगत नाही. मग एक तर कथा परत जाते. नाही तर ती स्वीकारली जाते, आणि मुद्रितशोधक दोन्ही ठिकाणी इमानेइतबारे ‘माझं’ करून ठेवतो.